शेऱ्याचा रकाना

—न्हाई, त्या बाकावर नको आकाराम, तो एका अंगाला कलतो, मघाशी एक बाई डब्यासकट घसरली. इथं बस, माझ्या शेजारी. चहा घे. घे म्हणतो ना — सकाळपासनं तुझ्या पोटात काही नाही आणि आता अडीच वाजलेत. बरं, नको तर नको, मी धरून बसतो, चौतीस वर्षं पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कप धरण्याशिवाय दुसरं काय केलं. पोराच्या आईची, लीलाबाईंची काळजी करू नकोस, आमची पूजा आहे त्यांच्याजवळ खाली, सासऱ्याचं ऐकत नाही पण आजाऱ्याच्या माणसांचं लय बघते ती. आणि दवाखाना चांगला आहे, सांगलीत याच्यापेक्षा मोठा नाही, डॉक्टरही हुशार असणार — कशावरनं म्हणशील तर त्यांचं अक्षर मला एक वाचता आलं नाही, आणि कचेरीत ज्याचं अक्षर वाचता येत नाही तो हमखास साहेब निघायचा. हसू नकोस — नाही, तू हसत नाहीस, मला दिसतंय. मीच माझं बोलतोय. मी गप्प बसलो की आतली ती मशीन ऐकू येते, म्हणून बोलतोय.

तो चष्मेवाला डॉक्टर तिसऱ्यांदा बाहेर आला, काय म्हणाला तो? सतरा वर्षांच्या पोराचा रक्तदाब नुसत्या धावण्यानं एवढा चढत नाही, त्यानं काही घेतलं होतं का — गोळी, इंजेक्शन, पावडर — नाव कळलं तर पुढचं औषध ठरवता येईल, अंदाजानं देणं धोक्याचं आहे. तू म्हणालास, "न्हाई सायब, माझं पोरगं सुपारीचं खांडसुदीक खात न्हाई." खरं बोललास. आणि माझ्याकडं बघितलंस, की नाना, तुमीबी सांगा. मी मान हलवली. कशी हलवली, उभी की आडवी, ते माझं मलाच कळलं नाही. वर म्हणालो, ऊन लागलं असेल. ऐकलंस ना? नोव्हेंबर महिना, सकाळचे सहा, कालव्यावर एवढं धुकं की पलीकडच्या काठावरचा ऊस दिसत नव्हता, आणि मी म्हणतो ऊन लागलं असेल. डॉक्टर सभ्य माणूस, नुसता बघत राहिला. मी त्याच्या जागी असतो तर 'कारण संयुक्तिक वाटत नाही' असा शेरा मारून मला परत पाठवला असता.

ही सगळी भानगड त्या शेऱ्यातनंच निघाली बघ. गावातली नऊ पोरं फौजेच्या भरतीची तयारी करायला लागली तेव्हा तुम्हीच आलात माझ्याकडं — "नाना, तुमी रिकामंच हाय, घड्याळ धरा." बरोबर बोललात. निवृत्त कारकून आणि देवळातली घंटा, येईल त्यानं वाजवावी. धरलं घड्याळ. पुलापासनं कालव्याच्या दुसऱ्या दारापर्यंत जाऊन परत, सोळाशे मीटर, सकाळी सहाला. पण नुसतं घड्याळ धरून माझ्यासारखा माणूस राहतोय होय? वही केली. रकाने आखले — दिनांक, नाव, वेळ, फरक, शेरा. शेऱ्याशिवाय वही म्हणजे मीठ विसरलेली आमटी. पहिल्याच दिवशी कृष्णातच्या नावापुढं लिहिलं, 'वारा अनुकूल असूनही विलंब, खुलासा करावा.' पोरं पोट धरून हसली, कृष्णातही हसला, त्यानंच त्या पानाचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. झालं. दुसऱ्या दिवसापासनं सकाळी सातला आख्खं गाव माझा शेरा वाचायला लागलं. बायका चहा गाळता गाळता वाचायच्या. सीमेवरनं आपली फौजी मंडळी अंगठे पाठवायची. चौतीस वर्षं मी लिहिलेलं एकानं वाचलं नाही, साहेब सही करतानासुद्धा खिडकीतनं बाहेर बघायचे, आणि आता रोज साठ-सत्तर अंगठे. माणूस बिघडतो गड्या. सतराव्या वर्षीच बिघडतो असं काही नाही, अडुसष्टाव्या वर्षीही बिघडतो, फक्त त्याला कुणी इंजेक्शन—

काही नाही. मी काय सांगत होतो? शेरे. तुझ्या शिवतेजला मी काय काय लिहिलं ते तुला पाठ असेल. 'उसाची मोळी बरी, ती निदान ट्रॉलीतनं पुढं जाते.' किती हसले लोक त्याच्यावर. तूही हसलास, पाराजवळ, ट्रॅक्टर उभा करून — हसलास की नाही? हसलास, पण खाली बघून. मी बघितलं होतं ते. आणि पोरगं दुसऱ्या दिवशी माझ्या आधी येऊन पुलावर उभं. पाया पडलं आणि म्हणतं कसं, "नाना, आज जरा चांगलं लिवा की." वेळ आली सहा बारा. मी काय लिहिलं असेल? 'विनंती विचारात घेण्यात आली.' त्यालाही अंगठे. रात्री जेवताना मीच ते पुन्हा काढून वाचलं, आणि पूजाला वाचून दाखवलं, आणि ती बाई म्हणाली, "मामा, त्याला किती वाईट वाटलं असंल." मी म्हणालो, फौजेत शिव्या खाव्या लागतात, त्यापेक्षा हे सौम्य आहे. उत्तर तयार असतं माझं. कचेरीनं दिलेली विद्या आहे ती, उत्तर तयार ठेवायचं, प्रश्न काय आहे ते नंतर बघायचं.

आता जयराज. माझा नातू म्हणून त्याला सोडलं असं म्हणू नकोस, उलट त्याला जास्त. 'वडील फौजेत, आजोबा कचेरीत, उमेदवार कुणावर गेला ते स्पष्ट होत नाही.' त्याचा बाप तिकडं राजस्थानात बसून ते वाचायचा आणि संध्याकाळी फोन करायचा — कसा आहेस, जेवलास का, काही नाही. "किती आली?" पाच त्रेपन्न. पाच पन्नास. पुन्हा पाच त्रेपन्न. तिथंच अडकलं. साडेपाचच्या आत आलं तर पैकीच्या पैकी मार्क, आमच्या घरात मांजराला विचारलंस तरी सांगेल. आणि मी तरी कोण मोठा धावणारा? शहात्तर साली साताऱ्याला भरतीत माझी छाती अर्धा इंच कमी भरली. अर्ध्या इंचानं मी कारकून झालो, कराडच्या कचेरीत जाऊन भाषा तेवढी सुधारली. देशाचं काही नुकसान झालं नाही. पण तो अर्धा इंच घरात राहिला ना, आकाराम. मुलानं भरून काढला, मला वाटलं मिटलं. कुठलं मिटतंय. नातवाच्या बारशाला कुणीतरी म्हणालं, छाती बघा कशी भरलीय, आणि मी तेव्हापासनं मोजतोय.

मग गणपतीच्या आधी जयराज एका आठवड्यात पाच एकोणतीसवर आला. नंतर पाच बावीस. मी लिहिलं, 'उल्लेखनीय.' नुसतं एवढंच, विनोद नाही काही नाही, आणि त्या एका शब्दाला एकशे चाळीस अंगठे. मंडळानं स्टँडवर फ्लेक्स लावला, गॉगल घातलेला जयराज आणि खाली 'भावी सैनिक' — आपल्या गावाला साखरपुड्याआधी बारसं करायची घाई. मिरवणुकीत पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, गुलालात त्याचे नुसते दात दिसत होते. तू तेव्हा माझ्याजवळ उभा होतास. विचारलंस, "नाना, जयराजला खायाला काय घालता वो? आमच्यालाबी घालतो." आणि मी म्हणालो, शेंगदाणे आणि शेरे. तू हसलास. घरी जाऊन लीलाबाईंना शेंगदाणे भिजत घालायला सांगितलंस, शिवतेजनं सांगितलं मला नंतर. रोज मूठभर शेंगदाणे खाऊन धावायचं ते पोरगं.

आणि मला ठाऊक होतं रे. त्या दिवशी, मिरवणुकीत, ठाऊक होतं मला.

कुठं उठतोस? बस. सांगतो, सगळं सांगतो, मला एकदम मुद्दा लिहायची सवय नाही, आधी विषय, मग संदर्भ, मग पार्श्वभूमी — बस रे, दोन मिनिटं. त्याच्या आधी चार दिवस जयराजचे बूट धुवायला घेतले मी. डाव्या बुटात, मोज्यात गुंडाळलेली लहान काचेची बाटली. रबरी बूच, इंग्रजी नाव. चष्मा लावला, मोबाईलवर शोधलं. ऑपरेशनच्या टेबलावर माणसाचा रक्तदाब खाली गेला तर वर आणायचं औषध. पोरं दम वाढतो म्हणून टोचून घेतात, आणि काळजाचं काय होतं तेही खाली लिहिलेलं होतं, मराठीत, मलासुद्धा कळेल अशा मराठीत. मी शेवटपर्यंत वाचलं. मग बाटली मोज्यात गुंडाळली आणि बुटात ठेवली. जशी होती तशी, लेबल वरच्या बाजूला. बूट तसेच राहिले, धुतलेच नाहीत. संध्याकाळी तो बूट घालताना माझ्याकडं बघत होता, वाट बघत होता बहुतेक, की म्हातारा आता काहीतरी म्हणेल. मी पेपर वाचत होतो. काय वाचत होतो विचारशील तर आजही सांगता येणार नाही.

का बोललो नाही? बापाला कळेल. गावात होईल. पोलिसांपर्यंत गेलं तर चारित्र्याच्या दाखल्यावर शेरा येईल — माझ्यासारखा थट्टेचा नाही, खरा. मी मनाशी म्हटलं, एवढी एक भरती होऊन जाऊ दे, मग धरतो कानाला. आणि खरं सांगू? ते पाच बावीस मला आवडलं होतं. बाटलीतनं आलेलं असलं तरी आवडलं होतं. माझ्याच अक्षरातलं होतं ना.

मग जयराजचं बघून कृष्णात. कृष्णातचं बघून आणखी दोघं. हे असंच चालतं, कुणी कुणाला जबरदस्ती करत नाही, कुणी वाईट संगतीला लागत नाही, सिनेमात दाखवतात तसला कुणी काळा चष्मेवाला कोपऱ्यावर उभा नसतो — एकमेकांच्या डब्यातली भाकरी खाणारी पोरं ही. एकाची वेळ खाली आली की दुसऱ्याला आईबाप विचारणार, तुझी का नाही. कालव्याला पाणी सोडलं की एकेका चारीत कसं पोचतं, तसं ते माझ्या वहीत दिसत होतं. पाच पन्नासवाले ओळीनं पाच पंचविसात यायला लागले. पाणी कुठनं निघालं आणि कुठं मुरलं ते नुसत्या कागदावरनं ओळखायचं काम केलंय मी आयुष्यभर, मला ते दिसलं नसेल? दिसलं. मी लिहीत गेलो — 'प्रगती', 'उत्तम प्रगती'. आठ जण सुधारले. एकटा शिवतेज मागं, सहाच्या खाली यायला तयार नाही. नऊ जणांत तो एकटाच खरा धावत होता, आकाराम, आणि वहीत सगळ्यात वाईट शेरा त्याच्याच नावापुढं.

ही घे बाटली. धर. सकाळपासनं माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे. शिवतेज पडला, सगळी तिकडं पळाली, आणि जयराजनं ही कालव्यात टाकायला हात उचलला तेव्हा मी त्याचं मनगट धरलं. डॉक्टरला उपयोगी पडेल म्हणून धरलं असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं नाही. पाण्यात वाजेल, लोक वळून बघतील, म्हणून धरलं. मग इकडं येताना गाडीत, कुंडल मागं पडलं, पलूस मागं पडलं, तू पोराचं डोकं मांडीवर घेऊन, मी पुढं बसलेलो, ही खिशात. तू ड्रायव्हरला म्हणत होतास, "जोरात घे, जोरात घे." मीही म्हणत होतो. सोपं होतं ते म्हणणं.

जा, डॉक्टरला दाखव. पण — एक ऐक, एकच. कालव्याच्या रस्त्यावर सापडली म्हण. 'बेवारस स्थितीत आढळली' — मी लिहून देतो हवं तर, माझी सही करतो. औषधाला बाटलीचं नाव लागतं, जयराजचं कशाला लागतंय? चौदा दिवसांवर भरती आहे त्याची. तुझा बरा होईल, माझा भरती होईल, दोघांचंही — असा बघू नकोस माझ्याकडं. काहीतरी बोल. शिवी दे. तुझ्या तोंडची शिवी मी आनंदानं ऐकीन, हे असं बघणं नको.

बरं. मग हेही ऐक, म्हणजे तुला माझ्यासाठी काही शिल्लक ठेवायचं कारण उरणार नाही. काल संध्याकाळी शिवतेज मला भेटला, पिठाच्या गिरणीपाशी, खांद्यावर दळणाचा डबा. आज रविवार, आज आख्खं गाव बघायला येणार हे ठरलेलं, मीच ग्रुपवर टाकलं होतं. डबा खाली ठेवला त्यानं आणि हळूच म्हणाला, "नाना, जया म्हंतोय एकदाच घे. आमी समदीच घेतोय म्हंतोय. घिऊ का? तुमी सांगाल तसं." तुमी सांगाल तसं. तुला नाही विचारलं त्यानं, आईला नाही विचारलं. मला विचारलं, कारण नावापुढं लिहितो मी. आणि मी कचेरीत एक गोष्ट फार चांगली शिकलोय — ज्या कागदानं पुढं त्रास होईल तो कागद आपल्या टेबलावर आलाच नाही असं धरायचं. मी म्हणालो, "तू मला काही विचारलं नाहीस, मी काही ऐकलं नाही. उद्या वेळेवर ये." पोरगं हसलं. त्याला वाटलं, नानांनी व्हय म्हटलं. आणि त्याचं काय चुकलं? व्हयच म्हटलं होतं मी. 'नको रं' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? दोन शब्द. त्यानं घेतलं नसतं. बाकीच्या आठांनी माझ्या तोंडावर हसून घेतलं असतं, पण ते एक पोरगं माझं ऐकायचं, मी लिहिलेलं खरं मानायचं.

आज ते पाच चोविसात आलं. गाव टाळ्या वाजवत होतं, तूही, तू तर ट्रॅक्टरच्या बॉनेटवर चढला होतास. आणि ते पडलं. शर्टावरनं छाती उडताना दिसत होती, मी चार पावलांवर उभा. आणि मी — मी आधी वेळ लिहिली, आकाराम. पोरगं जमिनीवर, आणि मी वहीत पाच चोवीस लिहून शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवलं, काय लिहावं विचार करत. तू ओरडलास तेव्हा मान वर केली.

ऊठ. मुठीत झाकू नकोस ती, लेबल दिसू दे. कुठनं आली विचारलं तर नानासो साळुंख्याच्या घरातनं आली म्हण — काय? — केव्हा घेतलं, किती घेतलं? ते मला ठाऊक नाही. आईशपथ ठाऊक नाही, एवढ्या एका गोष्टीत तरी मी खरा आहे. जयराजला ठाऊक आहे, त्यानंच टोचलंय. तो खाली जिन्यापाशी उभा आहे, काही झालं तरी वर यायचं नाही असं मीच सांगितलंय त्याला. थांब, हाक मारतो. — जयराज. — ए जयराज, वर ये. — व्हय सिस्टर, पाटी वाचलीय मी, मोठ्यानं बोलायचं नाही, एवढं एकदाच बोलू द्या. — जयराज, वर ये बाळा, डॉक्टरांना सगळं सांगायचंय. तुझ्या नावासकट. — तू हो पुढं, आकाराम. आम्हा दोघांसाठी थांबू नकोस. दार वाजव. जा.